आकारामची संध्याकाळची गोळी

औषधं अर्धवट सोडणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. शाहूपुरीत आमचं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरला मी स्वतः उभी असते, त्यामुळे हा राग रोजचाच. पाच दिवसांची गोळी तिसऱ्या दिवशी बंद करतात, उरलेल्या शेजारणीला देतात आणि महिन्याने येऊन मलाच ऐकवतात, "वर्षावैनी, तुमची ती गोळी काय लागू पडली न्हाय बगा." माझी गोळी म्हणे! जशी काय मी घरी लाटून गच्चीवर वाळत घातली होती.

अशा सगळ्या गिऱ्हाइकांत आकाराम कोतमिरे हा एकच माणूस मला शिस्तीचा वाटायचा. दर महिन्याच्या पाच तारखेला तो किंवा त्याची बायको दुकानात हजर. साठ गोळ्या, म्हणजे सकाळी एक आणि संध्याकाळी एक. चुकणं नाही. इतरांना मी त्याचं उदाहरण द्यायचे. मी नेमकं कशाचं उदाहरण देत होते ते मला फार उशिरा कळलं, आणि तेव्हापासून मी काउंटरवर जरा कमी ओरडते, असं आमच्या घरातले म्हणतात. मला काही तसं वाटत नाही.

आकारामचं मटणाचं दुकान आमच्या मागच्या गल्लीत. आमच्या यांचा तो शाळेतला सोबती, म्हणून मी त्याची वैनी आणि तो माझा भाऊजी. उंच, रुंद खांद्यांचा, आणि आवाज असा की रविवारी सकाळी त्याच्या दुकानातला भाव मला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. चिंचेच्या ओंडक्यासमोर तो पहाटे पाचपासून दुपारपर्यंत उभा. बसून मटण तोडणाऱ्याला तो खाटीकच मानायचा नाही. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "रश्श्याला का सुक्क्याला?" उत्तराप्रमाणे तो तुकडे पाडायचा. एकदा पुण्याहून आलेल्या कुणीतरी त्याच्याकडे बिनहाडाचं मागितलं. आकारामने सत्तूर खाली ठेवला आणि म्हणाला, "पावणं, बकऱ्याला हाडं असत्यात. तुमच्याकडं कुठल्या जातीची बकरी हाईत?" सगळी रांग हसली. तो पाहुणाही हसला आणि मुकाट्याने हाडासकट घेऊन गेला.

त्याच्या जोडीला मौलाली मुलाणी. बकऱ्याच्या मानेवर सुरी मौलालीची आणि पुढचं सगळं आकारामचं, ही वाटणी दोघांच्या वडिलांपासून चालत आलेली. आकाराम जेवढा बोलका तेवढा मौलाली मुका. तीस वर्षं दोघं रोज पहाटे भेटत होते आणि त्यांचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. म्हणजे आकारामचा आवाज ऐकला होता, पण त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण समोरून काही यायचंच नाही.

आकारामच्या वडिलांनी दुकान त्याच्या हाती देताना एक गोष्ट बजावली होती, दारातलं कुत्रं उपाशी जाता कामा नये. बकरं फाडल्यावर कधी कधी फोपसावर, म्हणजे फुप्फुसावर, किंवा काळजावर, म्हणजे यकृतावर, पांढरट फोड दिसतात, आत पाणी भरलेले, लिंबाएवढे. असलं फोपीस आकाराम विकायचा नाही. कुणी पाहत नसलं तरी विकायचा नाही, याबद्दल गल्लीत त्याचं नाव होतं. ते तो दारातल्या कुत्र्यांना टाकायचा. चार-पाच कुत्री कायम तिथे असायची आणि त्याच्या हातावर, मांडीवर तोंड घासायची. त्यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं. खराब माल विकला नाही हे एक पुण्य आणि मुक्या जनावराच्या पोटात गेला हे दुसरं, असा सगळा हिशोब होता.

चार वर्षांपूर्वी त्याची पाठ दुखायला लागली. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, थोडी खाली. उभ्याचं काम, वजनं उचलणं, दुखणारच, म्हणून आधी तेल झालं, मग शेक झाला, मग माझ्याकडून मलम. पुढे पायांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस तो आमच्या दुकानापर्यंत चालत आला आणि मी पाहिलं तर एकाच पायात चप्पल. दुसरी रस्त्यात निसटली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "भाऊजी, आता मलम पुरे. डॉक्टर गाठा."

पहिल्या डॉक्टरांनी फोटो पाहून मणक्याचा टीबी सांगितला. त्यांना मी दोष देत नाही. आपल्याकडे मणका खराब झाला की दहातल्या आठ वेळा टीबीच निघतो. सात महिने आकारामने टीबीच्या गोळ्या घेतल्या, एकही न चुकवता. लघवी लाल व्हायची, भूक मेली, आणि पाय मात्र दिवसेंदिवस जास्तच जड होत गेले. ओंडक्यासमोर उभा राहिला की गुडघे लटपटायचे. तो ओंडक्यावर पोट टेकवून उभा राहायला लागला. सत्तूर चालवताना असं टेकलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मग दुसऱ्या दवाखान्यात मणक्याच्या सर्जनना दाखवलं. त्याच्या बायकोला सगळी गल्ली आक्का म्हणते. आक्का माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वैनी, तुमी चला संगं. डॉक्टर काय बोलल ते तुमालाच कळंल. हे नुसतं व्हय व्हय करून येत्यात." म्हणून मी गेले. सर्जन तरुण होते, बोलायला शांत. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. मणक्यात आणि त्याच्या मागच्या पोकळीत द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक गोल दिसत होते, आणि त्यांनी मज्जारज्जू एका बाजूला दाबून धरला होता. रक्ताची एक वेगळी तपासणीही त्यांनी आधीच करून घेतली होती.

"हा टीबी नाही," ते म्हणाले. "हा जंत आहे. म्हणजे जंताच्या पाण्याच्या पिशव्या."

आकारामने फिल्मकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने ते ओळखलं होतं. आम्हा तिघांत, कदाचित डॉक्टर धरून चौघांतही, असले फोड हाताळलेला तो एकटाच माणूस होता. तो हळू आवाजात म्हणाला, "सायेब, हे फोपसावरचं फोड हाईत."

डॉक्टरांनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. हा जंत मोठा होतो कुत्र्याच्या आतड्यात. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गवताला लागतात, ते गवत शेळ्या-मेंढ्या खातात आणि त्यांच्या फोपसात, काळजात या पिशव्या वाढतात. ते फोपीस कुत्र्याने खाल्लं की पुन्हा जंत. माणूस या फेऱ्यात नसतोच. पण अंडी हाताला लागून, न धुतलेल्या भाजीतून किंवा कुत्र्याच्या अंगावरून तोंडात गेली, तर माणसातही पिशव्या होतात. बहुतेकांना यकृतात किंवा फुप्फुसात होतात. मणक्यात फार थोड्यांना होतात, पण तिथला त्रास सगळ्यांत वाईट. कारण हाडात त्याला कड नसते, भिंतीत ओल मुरावी तसं ते फटीफटीतून पसरतं.

"कुणाकडून, कुठून आलं, हे सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पंधरा-वीस वर्षांपूर्वी आलं असेल. तुम्ही त्याचा विचार करू नका."

त्या दिवशी रिक्षात आक्का आणि मीच बोलत होतो.

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. मागून मणक्याचं हाड काढून एक एक पिशवी न फोडता बाहेर घ्यायची असते. फुटली तर आतलं पाणी सांडून शंभर नव्या पिशव्यांचं बी पडतं, शिवाय त्या पाण्याची अंगाला अशी ॲलर्जी येते की टेबलावरच जीव जाऊ शकतो. म्हणून भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात आणि भूलतज्ज्ञ इंजेक्शनं भरून तयार असतात. पिशव्या निघाल्यावर मणक्याला दोन्ही बाजूंनी धातूचे दांडे आणि स्क्रू बसवले. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की दिसल्या तेवढ्या सगळ्या काढल्या, पण हाडात डोळ्यांना न दिसणारं काही राहिलेलं असणारच. ते मारायचं काम आता गोळ्यांचं. किमान दोन वर्षं, कदाचित जास्त. सुरुवातीला पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला रक्त तपासायचं, कारण गोळी यकृतावर आणि रक्तातल्या पेशींवर ताण टाकते. सहा महिन्यांनी एमआरआय. आणि गोळी तुपातेलाच्या जेवणाबरोबरच घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर बरीचशी तशीच बाहेर जाते.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी हेच त्याला सांगितलं तेव्हा आकाराम ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसला. "आयुष्यात पयलाच डॉक्टर भेटला, जो तूप खा म्हणतोय."

पण माझ्या काउंटरवर पहिल्यांदा गोळ्या घ्यायला आला तेव्हा तो घाबरलेला होता. वॉकर धरून, आक्काच्या आधाराने आला होता. गोळीचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहत होता. शाळेत पोरांना वर्षातून दोनदा जंताची देतात तीच ही गोळी, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. एवढं मोठं दुखणं, आणि औषध पोरांचं? मी त्याची समजूत घातली आणि तो गेला.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. दीड महिन्यात वॉकर सुटला, चार महिन्यांनी कमरेला पट्टा बांधून तो पुन्हा ओंडक्यासमोर उभा राहिला. पहिल्या रविवारी रांग रस्त्यापर्यंत होती, अर्धी माणसं मटणाला आलेली आणि अर्धी त्याला बघायला. आता फोडाचं फोपीस कुत्र्याला टाकणं बंद. मागे खड्डा करून चुन्यात पुरायचं. बाजारातल्या बाकीच्या दुकानदारांवरही तो ओरडायचा. कुणी टाकताना दिसलं की हातातलं काम सोडून धावत जायचा, म्हणजे जेवढं धावता येईल तेवढं. सहा महिन्यांच्या एमआरआयमध्ये काही नव्हतं. आणि पाच तारीख कधी चुकली नाही.

चौदाव्या महिन्यात त्याची डाव्या पायातली चप्पल पुन्हा निसटली.

एमआरआयमध्ये जुन्या जागेच्या एक मणका खाली नवे गोल दिसले. सर्जननी मला फोन केला, कारण गोळ्या माझ्याच दुकानातून जात होत्या. "मॅडम, ते नियमित घेत होते ना?" मी जवळजवळ भांडलेच. म्हटलं, डॉक्टर, माझ्या दुकानात येणाऱ्या हजार माणसांत एकाची खात्री द्यायची तर मी यांची देईन. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे औषधाला दाद देत नाहीये. मग अवघड आहे. दुसऱ्या ऑपरेशनने पाय वाचेल असं मी सांगू शकत नाही, आणि पुढे द्यायला दुसरं भरवशाचं औषध माझ्याकडे नाही."

ऑपरेशन गुरुवारी ठरलं. बुधवारी दुपारी मौलाली दुकानात आला, लालबीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला. घेतल्या, आणि जाईना. मौलाली काहीतरी बोलणार असला की असाच उभा राहतो.

"वैनी, एक इचारू का?"

"विचारा की."

"आकाराम दवाखान्यात हाय. मग कुत्र्यांच्या गोळ्या आता मी देऊ का? का डॉक्टरनं थांबवायला सांगितलंय?"

मी म्हटलं, कुठल्या गोळ्या?

त्याने सांगितलं. ऑपरेशन होऊन दुकानात परतल्यापासून आकाराम रोज संध्याकाळी दुकान बंद करताना खिशातून एक गोळी काढायचा, चेचून खिम्याच्या गोळ्यात घालायचा आणि एका कुत्र्याला खायला द्यायचा. आज हे, उद्या ते, असं पाळीपाळीने. कुठल्या कुत्र्याची पाळी झाली ते चुकू नये म्हणून फळीवर खडूने खुणा करायचा. मौलालीला वाटलं, डॉक्टरांनीच सांगितलं असेल.

"का देत होता? त्याने काही सांगितलं?"

"म्हणायचा की, तीस वर्सं मीच त्यांच्या पोटात घातलंय, मलाच काढाय पायजे. गल्लीतली पोरं त्यांच्या गळ्यात पडत्यात, म्हणायचा." मग मौलाली म्हणाला, "आन् वैनीच म्हणल्यात, हीच गोळी कुत्र्याला बी चालती."

हे मी म्हणाले होते. वर लिहिताना 'मी त्याची समजूत घातली' असं लिहून मी पुढे सटकले, कारण ते वाक्य लिहायला हात धजला नाही. आता लिहिते. त्या दिवशी तो पाकीट हातात धरून उभा होता तेव्हा मी हसत म्हणाले होते, "अहो भाऊजी, हीच गोळी पोरांना, हेच औषध मेंढरांना, कुत्र्यालासुद्धा हेच चालतं. मुकी जनावरं बरी होतात, मग तुम्ही का नाही होणार?" माणूस घाबरलाय, त्याला हसवावं, एवढंच माझ्या मनात होतं. आणि ते खरंही नव्हतं. मेंढरांना हे औषध देतात. पण कुत्र्याच्या आतड्यातल्या या जंतावर ते भरवशाचं नाही, त्याची गोळी निराळी असते आणि जनावरांच्या दवाखान्यात सहज मिळते. त्याने मला एकदा विचारलं असतं तर मी त्याच दिवशी आणून दिली असती. पण तो का विचारेल? मी सांगून मोकळी झाले होते. दहा महिने त्याच्या वाट्याच्या निम्म्या गोळ्या कुत्र्यांच्या पोटात गेल्या, कुत्र्यांना त्यांचा उपयोग नव्हता, आणि त्याच्या मणक्यात पिशव्या वाढत होत्या.

मी दुकान तसंच यांच्यावर सोडून दवाखान्यात गेले. डॉक्टरांना आज सांगितलंच पाहिजे होतं, कारण ते औषध हरलं असं धरून चालले होते. त्यांच्या खोलीत जाऊन मी म्हटलं, "डॉक्टर, मी तुम्हाला चुकीची खात्री दिली. ते एकच गोळी घेत होते."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "काल रात्री त्यांनीच सांगितलं. संध्याकाळची गोळी विसरायचो, म्हणाले. दहा महिने विसरायचो! मी फार रागावलो त्यांच्यावर. मान खाली घालून ऐकत होते बिचारे."

विसरायचो. कुत्र्यांना घातल्या हे त्याने सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या पुढचा प्रश्न, 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' हाच असणार होता. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तसे ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, ही वाईट बातमी नाही. औषध हरलेलं नाही, ते पोटात पुरतं गेलंच नव्हतं. आता लढायला जागा आहे."

बाहेर आले. आकारामची खोली त्याच मजल्यावर, चार दारं सोडून होती. दार अर्धं उघडं होतं आणि आतून आक्काचा आवाज येत होता. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. दिवसभर लोकांना तोंडावर बोलणारी बाई मी, पण त्या दिवशी आत जायची माझी छाती झाली नाही.

दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा लांबलं. एक मणका बराचसा काढून तिथे धातूची जाळी बसवावी लागली. डावा पाय तीन आठवडे हललाच नाही. मी डबे पाठवत होते, आक्काला फोन करत होते, पण समोर जायचं टाळत होते. कधी दुकानात गर्दी, कधी गुडघा दुखतोय, कारणं भरपूर होती. मौलालीला बरोबर घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे मात्र गेले. त्यांनी दिलेल्या गोळ्या मौलालीने गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना घातल्या आणि दर दीड महिन्याला तो अजून घालतो. चौथ्या आठवड्यात आक्काचा फोन आला. अंगठा हलला होता. फक्त अंगठा, पण ती फोनवर रडत होती, आणि मग मीही रडले.

आकाराम दुकानात आला तो त्यानंतर आठ महिन्यांनी. दुपारची वेळ होती. काचेतून मला दिसलं, काठी टेकत, डावं पाऊल जरा ओढत तो कोपऱ्यावरून येत होता. मागच्या गल्लीतून यायला पूर्वी त्याला दोन मिनिटं लागायची, त्या दिवशी पंधरा लागली असतील. एकटाच होता. मी काउंटरच्या बाहेर आले आणि खुर्ची पुढे केली. तो बसला, घाम पुसला आणि म्हणाला, "वैनी, डॉक्टरनं परवा फोटो काढला. काय न्हाय. साफ हाय. गोळ्या अजून दोन वर्सं."

दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. मी उभ्याउभ्याच सगळं बोलले. ते वाक्य माझं होतं. ते खोटं होतं. तुमचा पाय असा झाला तो माझ्यामुळे. मौलालीने मला सांगितलं, मी डॉक्टरांना सांगितलं, तुमच्या दारापर्यंत आले आणि पळून गेले.

आकारामने मध्ये तोंड घातलं नाही, म्हणजे त्याच्यासाठी हे नवलच. माझं संपल्यावर म्हणाला, "म्हाईत हाय की. आक्कानं तुमाला दारात बगितलंतं त्या दिवशी."

"मग डॉक्टरांना विसरलो म्हणून का सांगितलंत? शिव्या का खाल्ल्यात?"

"तर काय सांगू? वर्षावैनी म्हणल्यात म्हणून घातल्या, असं सांगू?" त्याचा आवाज चढला, अगदी रविवारच्यासारखा. "अवो, त्या दिवशी मी लई भ्यालोतो. पाय ऱ्हातोय का जातोय म्हाईत न्हाय. घरात, गल्लीत, जो तो माझ्याकडं बगून गप. जसं काय मी आदीच मेलोय. तुमी एकट्या हसलासा माझ्यासंगं. तुमचं नाव घेतलं असतं, तर डॉक्टर तुमाला बोलला असता, आन् तुमी पुन्ना कुणासंगं हसला नसतासा. तोंड बांधून नुसत्या गोळ्या दिल्या असतासा. भ्यालेलं माणूस काय मी एकटाच हाय व्हय? रोज येतंय की तुमच्या दारात."

मी पदराने डोळे पुसत राहिले. तो तिसरीकडेच पाहत बसला.

तेवढ्यात एक बाई पायरी चढून आत आली. पन्नाशीची असेल, खेड्याकडची, घाईघाईत आलेली. हातात मोठ्या दवाखान्याची फाइल होती आणि तिच्यावर औषधांचा कागद होता. तिने कागद माझ्यापुढे केला आणि लगेच परत छातीशी धरला.

आकारामने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. काठी काउंटरला टेकवून ठेवली, दोन्ही हात मांड्यांवर दाबले आणि खुर्चीवरून उठला. डावा गुडघा थरथरला, पण तो कशालाही न धरता उभा राहिला.

"बसा ताई," त्याने तिला सांगितलं. "वैनी समजावून सांगत्यात सगळं. काय भ्यायचं कारण न्हाय."

ती बसली. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि आधी तिचं नाव विचारलं.